हातातल्या माशाचा पत्ता : आयनॅचरलिस्ट, जीबिफ आणि फिशबेस यांचे परीक्षण

या परीक्षणातल्या तिन्ही सेवा फुकट आहेत, त्यामुळे पैसे वसूल झाले की नाही हा प्रश्न येथे उद्भवत नाही. वेळ वसूल झाला की नाही, एवढाच उद्भवतो. गेली दोन वर्षे मी आयनॅचरलिस्ट, जीबिफ आणि फिशबेस ही तीन संकेतस्थळे एकाच कामासाठी वापरत आले आहे. मुंबईतल्या तळ्यांच्या काठावर, मासळीबाजारात आणि शोभिवंत मासे विकणाऱ्या दुकानांत दिसणारे गोड्या पाण्यातले मासे ओळखायचे, त्यांतले इथले कोणते आणि बाहेरून आलेले कोणते हे पाहायचे, आणि केलेली नोंद अशा जागी ठेवायची की एखाद्या संशोधकाला किंवा मत्स्यव्यवसाय खात्यातल्या अधिकाऱ्याला ती माझी ओळखपाळख नसताना सापडावी. मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होते आणि फॉर्मॅलिनच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लिहिण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली. बरणीवर नाव सुवाच्य असले, पण मासा कोठून आणि कधी आणला हे लिहिलेले नसले, तर ती बरणी केवळ कपाटाची शोभा वाढवते, हे त्या काळात पक्के कळले होते. या तीन सेवांनाही मी तोच निकष लावला आहे.

पहिली कसोटी सकर माशाने घेतली. आमच्या भागातल्या एका लहान तळ्यावर गळ टाकून बसलेल्या मुलांनी तो काठावर टाकून दिला होता. हातभर लांब, काळपट, अंगावर खवल्यांऐवजी खरखरीत हाडांच्या तगटांच्या ओळी, पाठीवर शिडासारखा उभा पर आणि तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखे. अर्धा तास उन्हात पडूनही तो कल्ले हलवत होता. पाण्यात प्राणवायू कमी पडला की हा मासा वर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या भिंतीतून ती वापरतो, म्हणूनच घाण झालेल्या तळ्यात तो सुखाने राहतो. मुलांना त्याचे नाव ठाऊक नव्हते; उजनी धरणाच्या परिसरात काही जण त्याला ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात, आणि क्रॉफर्ड मार्केटमधल्या मत्स्यालयांच्या दुकानांत तो ‘टाकी साफ ठेवणारा’ म्हणून बोटभर लांबीचा असताना विकला जातो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे. बोटाएवढा मासा हाताएवढा झाला, टाकीतल्या काचेवर आपटू लागला, की माणसे तो जवळच्या तळ्यात सोडतात, आणि जीव वाचवल्याचे पुण्य मिळाले या समाधानात घरी जातात. तळ्यात तो काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, काठ ढासळवतो, आणि त्याचे काटेरी पर जाळ्यात अडकले की मासेमाराला जाळे कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मी त्याची दोन छायाचित्रे आयनॅचरलिस्टवर, म्हणजे सजीवांची छायाचित्रे टाकून त्यांची ओळख इतरांकडून पटवून घेण्याच्या संकेतस्थळावर, टाकली. छायाचित्र पाहून संगणक काही नावे सुचवतो, ती सुचवताना आसपासच्या भागात पूर्वी काय नोंदले गेले आहे हेही विचारात घेतो, आणि या माशाच्या बाबतीत त्याने वंशाचे नाव, टेरिगोप्लिक्थिस, बिनचूक सांगितले. त्यापुढे मात्र त्याने सावधपणे हात आखडता घेतला, आणि मला ते आवडले. दोनच दिवसांत परदेशातल्या एका अभ्यासकाने नोंदीखाली लिहिले की पोटाचे छायाचित्र असल्यास टाकावे. कारण या वंशातल्या दोन प्रजाती प्रामुख्याने पोटावरच्या नक्षीवरून वेगळ्या करतात. एकीच्या पोटावर सुटे ठिपके असतात आणि दुसरीच्या पोटावर ते ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा झालेल्या असतात, शिवाय दोहोंच्या संकरातून मधली नक्षीही दिसते. माझ्याजवळ पोटाचे छायाचित्र नव्हते. मासा उताणा करून पाहावा हे मला, इतकी वर्षे प्रयोगशाळेत काढूनही, सुचले नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक माशाची चार छायाचित्रे घेते : डाव्या बाजूने, वरून, पोटाकडून आणि तोंडाजवळून, आणि शेजारी सहा इंची पट्टी ठेवते.

याआधी मी दुसरे एक मोबाइल ॲप वापरून पाहिले होते, त्याचे नाव येथे देत नाही. त्याने मरळीच्या छायाचित्राला ठामपणे साप ठरवले आणि चूक कळवण्याची कोणतीही सोय ठेवली नव्हती. आयनॅचरलिस्टचा खरा गुण संगणकाच्या हुशारीत नाही, तर चूक झाल्यावर ती माणसांकडून सुधारली जाईल अशी व्यवस्था केलेली आहे यात आहे. छायाचित्र, तारीख आणि ठिकाण असलेल्या नोंदीवर ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांचे प्रजातीवर एकमत झाले, आणि असे किमान दोघे असले, की ती नोंद ‘संशोधनयोग्य’ ठरते. ही प्रतवारी म्हणजे शास्त्रीय निर्णय नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. दोघांनी मिळून चुकण्याची मुभा त्यात आहे. पण नंतर येणारा तिसरा माणूस ती पदावनत करू शकतो, आणि आधीची सगळी मते तशीच दिसत राहतात. छापील अहवालात हे शक्य नसते.

संशोधनयोग्य ठरलेल्या नोंदी पुढे जीबिफकडे जातात. जीबिफ ही २००१ साली स्थापन झालेली आणि कोपनहेगन येथे सचिवालय असलेली आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. संग्रहालयांतले नमुने, विद्यापीठांची सर्वेक्षणे आणि सामान्य नागरिकांच्या नोंदी यांना ती एकाच साच्यात बसवून सर्वांना उतरवून घेऊ देते. एखाद्या संशोधकाने तेथून माहिती उतरवली की त्या संचाला कायमचा ओळखक्रमांक मिळतो, आणि त्याने शोधनिबंधात तो उद्धृत केला की आपली नोंद कोठे उपयोगी पडली हे मागे जाऊन पाहता येते. येथे नव्या माणसाने एक खबरदारी आवर्जून घ्यावी. आयनॅचरलिस्टवर खाते उघडताना किंवा नंतर सेटिंगमध्ये, परवान्याच्या रकान्यात ‘सर्व हक्क राखीव’ निवडले, तर नोंद कितीही चांगली असली तरी जीबिफकडे जात नाही. छायाचित्र कोणी चोरेल या भीतीने पुष्कळ जण तो पर्याय निवडतात आणि मग आपली माहिती कोणी वापरत नाही म्हणून खंत करतात. त्याचप्रमाणे दुकानातल्या टाकीतल्या माशाची नोंद ‘पाळीव’ अशी खूण करूनच टाकावी. ती संशोधनयोग्य ठरणार नाही, आणि ठरूही नये. क्रॉफर्ड मार्केटमधला सकर मुंबईच्या तळ्यात आहे असे नकाशावर दिसणे, हे तो तळ्यात असूनही न दिसण्याइतकेच वाईट.

जीबिफचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे वापरणे सामान्य वाचकाला जड जाईल, हे मान्य केले पाहिजे. तेथे सौजन्य आहे, सौंदर्य नाही. नकाशावर ठिपके दिसतात, पण एकाच नमुन्याचा ठिपका दोन संस्थांकडून दोनदा आलेला असू शकतो, आणि जुन्या नमुन्यांच्या बाबतीत ‘मुंबई’ एवढेच लिहिलेले असल्यास ठिपका शहराच्या मध्यावर, कधी रस्त्यावर, बसतो. म्हणून मी तेथला नकाशा पुरावा म्हणून पाहत नाही. कोठे जाऊन पाहायला हवे याची यादी म्हणून पाहते.

ठिकाणाचा आणखी एक प्रश्न आहे. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्रजातींचे ठिकाण आपोआप धूसर करते, जेणेकरून शिकारी किंवा चोरटे विक्रेते तेथे पोहोचू नयेत. हेतू उत्तम आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीजवळ हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेला आणि २०२० साली शिस्तुरा हिरण्यकेशी असे नाव मिळालेला छोटा मासा एवढ्याशा पाण्यात राहतो. त्या जागेला २०२१ मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला, आणि शोभेच्या माशांच्या व्यापाऱ्याने तेथे एक दिवस काढला तरी अपरिमित नुकसान होईल. परंतु धूसर करण्याचा चौकोन अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांचा, म्हणजे बाजूला सुमारे २२ किलोमीटरचा असतो. एवढ्या चौकोनात पवई, विहार आणि तुळशी हे तिन्ही तलाव, मिठी नदी आणि वर अर्धे उपनगर सहज मावते. १८६० साली बांधलेला विहार आजही पिण्याचे पाणी देतो आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. १८९१ साली बांधलेला पवई जलपर्णीने आणि सांडपाण्याने गांजला आहे. माशांच्या पुनर्वसनाच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि नकाशावर मात्र ते अंतर नाहीसे होते. यावर उपाय आहे : विश्वासातल्या प्रकल्पाला किंवा व्यक्तीला खरे ठिकाण पाहण्याची परवानगी देता येते. माझ्या परिचयातल्या दहांपैकी नऊ जणांना ती सोय असल्याचे ठाऊक नव्हते.

आता फिशबेस. डॅनियल पॉली आणि रायनर फ्रोझ यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस मनिला येथे हे काम सुरू केले, १९९६ पासून ते इंटरनेटवर आहे, आणि आज तेथे माशांच्या ३५ हजारांहून अधिक प्रजातींची पाने आहेत. दिसायला हे संकेतस्थळ सरकारी गॅझेटियरसारखे आहे, म्हणजे देखणे नाही आणि दाटीवाटीचे आहे, पण ज्याला उत्तर हवे आहे त्याला ते मिळते. मासा किती मोठा होतो, काय खातो, कोणत्या तापमानात तगतो, लांबीवरून वजन कसे काढावे, आणि यांतले प्रत्येक विधान कोणत्या शोधनिबंधातून घेतले आहे, हे सर्व एका पानावरून उघडता येते. माझ्या कामासाठी सर्वांत मोलाचा भाग आहे तो माणसांनी परमुलखात नेलेल्या माशांच्या नोंदींचा. कोणती प्रजाती कोणत्या देशातून कोणत्या देशात, कोणत्या साली, कोणत्या हेतूने नेली, ती तेथे रुजली का आणि स्थानिक माशांवर परिणाम झाला का, हे एका तक्त्यात सापडते. आपल्याकडे ज्याला चिलापी म्हणतात आणि उजनीच्या पाण्यावर ज्याचे राज्य आहे, तो आफ्रिकेतला तिलापिया भारतात १९५२ साली आला. गवत्या आणि चंदेरी हे कार्प १९५९ साली आले. चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे ती एकदा तळ्यात आली की तिला बाहेर काढणे जवळजवळ अशक्य होते. हा तक्ता उघडून बसले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते : बहुतेक सर्व मासे सद्हेतूने आणले गेले. कोणी प्रथिने मिळावीत म्हणून आणले, कोणी डास कमी व्हावेत म्हणून. मुंबईत हिवतापाच्या बंदोबस्तासाठी महापालिकेचा कीटकनाशक विभाग विहिरींत आणि हौदांत गप्पी मासे सोडतो. बंदिस्त हौदात त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, परंतु तो मासाही दक्षिण अमेरिकेचा आहे, आणि पावसाळ्यात हौद भरून वाहिला की तो ओढ्याला लागतो.

फिशबेसची माझ्या दृष्टीने मोठी मर्यादा ही की त्यातल्या मूळ आणि परक्या या नोंदींचा मुख्य आधार देश हा आहे, आणि मासा देश ओळखत नाही, खोरे ओळखतो. रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. देशाच्या यादीत ते ‘मूळचे’ म्हणून येतात, आणि ते बरोबरही आहे. पण सह्याद्रीच्या पश्चिमेला समुद्राकडे धावणाऱ्या आपल्या नद्यांत ते तिलापियाइतकेच पाहुणे आहेत. धरणांत आणि तलावांत त्यांचे बीज वर्षानुवर्षे सोडले जाते. हा दोष केवळ संकेतस्थळाचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परक्या प्रजातींची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली, पण तीही ‘मूळची भारतातली नसलेली’ अशीच आहे. म्हणजे गंगेतला मासा सह्याद्रीत सोडला तर तो कायद्याच्या दृष्टीने घरचाच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातूनच निघाले आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात खडशीची, म्हणजे तोर खुद्री या महसीरची (महसीर हे नदीतले मोठे मासे), पैदास कित्येक दशके चालू आहे, आणि एकेकाळी धोक्यात मानला गेलेला हा मासा टिकवण्यात त्या केंद्राचा वाटा निर्विवाद आहे. तेथले मत्स्यबीज देशभर गेले, कावेरीतही गेले. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा महसीर होता. तेथल्या गळवाल्यांच्या शिबिरांत १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या वह्या ॲड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी तपासल्या : २३,६२० तासांची मासेमारी आणि पकडून परत सोडलेले ६,१६१ महसीर. एकूण मासे वाढत असल्याचे दिसत होते, आणि त्या वाढीच्या पडद्याआड कुबड असलेला स्थानिक महसीर नाहीसा होत होता; वाढत होता तो बाहेरून आणलेला निळ्या परांचा, म्हणजे खडशी. त्यातून कळस असा की कावेरीतल्या त्या माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. २००७ साली केरळातल्या पांबार नदीतून वर्णन केलेला तोर रेमादेवी तो हाच, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले आणि त्यानंतर तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. ज्याला नाव नाही त्याला यादीत जागा नाही आणि ज्याला यादीत जागा नाही त्याचे बीज कोणी तयार करीत नाही. हौशी गळवाल्यांनी तारीख, तास आणि वजन इमानाने लिहून ठेवले नसते, तर एका संवर्धनाने दुसऱ्याची जागा घेतली हे उघडकीस येण्याचा मार्गच नव्हता. पवईवर गळ टाकणाऱ्यांपैकी जे वही ठेवतात त्यांना मी हे हमखास सांगते, आणि जे ठेवत नाहीत त्यांना जरा अधिक सांगते.

नावांकडे वळताना थोडे विषयांतर करते, पण ते या सेवांच्या गुणदोषांशीच जोडलेले आहे. १८३९ साली मुंबई लष्करातल्या विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याने लॅटिन नावे रचताना आपल्या भोयांनी सांगितलेली नावे जशीच्या तशी उचलली : खुद्री, नुकटा, कोळस, मुरे, शिंगटी, इतकेच नव्हे तर रोहटी हे एका संपूर्ण वंशाचे नाव झाले. जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ आज ‘रोहटी’ म्हणतो तेव्हा तो मराठी बोलत असतो. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर जुनी प्राणिशास्त्रीय नियतकालिके, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंकही, मोफत वाचता येतात. दोन शतकांपूर्वी ज्ञान मराठीकडून लॅटिनकडे सहज गेले. परत येताना ते अडते, कारण माणूस मराठी नावाने शोधतो आणि नोंद लॅटिन नावाखाली असते. फिशबेसमध्ये स्थानिक नावांचा वेगळा विभाग आहे आणि त्यात मराठी नावेही आहेत. आयनॅचरलिस्टवर तर कोणीही मराठी नाव जोडू शकतो. पण एका जिल्ह्यातला शब्द दुसऱ्या जिल्ह्यात वेगळ्याच माशाला लागतो, आणि नाव कोठले हे लिहिण्याची शिस्त वापरणाऱ्यांनी पाळली नाही तर त्या सोयीचा घोटाळा व्हायला वेळ लागणार नाही.

हा घोटाळा बाजारात किती महाग पडतो ते मांगुराने दाखवले. आफ्रिकेतला मोठा मांगूर, ज्याला बाजारात ‘थाई’ म्हणतात, त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. तो मांसाहारी आहे, अतिशय झपाट्याने वाढतो आणि शेततळ्यातून निसटला तर लहान माशांचा फडशा पाडतो. देशी मांगूर त्याचा भाऊबंद. तो लहान, महाग आणि आता दुर्मीळ. दोघेही बाजारात ‘मांगूर’. मी ज्यांच्याकडून नेहमी मासळी घेते त्या मावशींच्या टोपलीत मागच्या पावसाळ्यात चार मांगूर वळवळत होते. मी विचारले, “मावशी, हा गावठी की थाई?” त्या म्हणाल्या, “ताई, गावठीच हाय. थाई मी ठेवीत न्हाय, पोलीस येतात.” त्यांनी मला फसवले असे मी म्हणणार नाही, त्यांना पुरवणाऱ्याने जे सांगितले ते त्यांनी सांगितले. दोघांतला भेद पाहण्याची एक महत्त्वाची जागा म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचे हाड, त्याचा आकार आणि तेथून पाठीच्या पराचे अंतर. म्हणजे छायाचित्र बाजूने घेऊन उपयोग नाही, नेमके वरून घ्यावे लागते. मी ते घेतले आणि नोंद केली. ती नोंद आजही वंशापर्यंतच पोहोचलेली आहे, कारण भारतात या वंशाच्या एकाहून अधिक देशी प्रजाती आहेत आणि छायाचित्रावरून ठाम बोलायला कोणी तयार नाही. या संयमाबद्दल मी आयनॅचरलिस्टला पैकीच्या पैकी गुण देईन, आणि बाजारात त्याचा उपयोग शून्य झाला हेही लिहीन.

येथेच तिन्ही सेवांची समाईक उणीव आहे : माहिती साठते, पण ती ज्याने हालचाल करायची त्याच्या टेबलावर आपण होऊन जात नाही. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांची गोष्ट या बाबतीत मला नेहमी आठवते. जहाजांच्या कालव्यांवाटे आत शिरलेल्या, माशांना चिकटून त्यांचे रक्त शोषणाऱ्या समुद्री लॅम्प्रेने तेथला लेक ट्राउट जवळजवळ संपवला. दोन्ही देशांनी १९५४ साली करार करून एक आयोग नेमला, प्रयोगशाळांनी सुमारे सहा हजार रसायने तपासून लॅम्प्रेच्या अळ्या मारणारे आणि इतर माशांना तुलनेने कमी अपाय करणारे एक रसायन शोधले, १९५८ पासून ते उपनद्यांत सोडले जाऊ लागले, आणि लॅम्प्रेची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. ट्राउटच्या अंगावरच्या लॅम्प्रेच्या जखमा तेथे दर वर्षी मोजल्या जातात आणि उपाय कितपत लागू पडतो आहे हे ठरवताना ते आकडे वापरले जातात. आकडा मोजणारा आणि निर्णय घेणारा यांच्यात तेथे एक दार आहे. आपल्याकडे वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, लखनौला माशांच्या आनुवंशिक संपदेचे राष्ट्रीय केंद्र आहे, राज्याचे मत्स्यव्यवसाय खाते आहे. माणसे आहेत, अभ्यास आहे. मी मात्र माझ्या १४ सकर माशांच्या नोंदी एका कार्यालयाला ईमेलने दुव्यांसह पाठवल्या, तेव्हा तीन आठवड्यांनी उत्तर आले की माहिती छापील स्वरूपात, छायाचित्रे चिकटवून, दोन प्रतींत सादर करावी. मी ती सादर केली. चिकटवताना मला माझ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांची आठवण झाली, आणि थोडे हसूही आले. पोच मिळाली, त्यापुढे काही कळलेले नाही.

त्यामुळे गुण द्यायचे झाले तर कामानुसार द्यावे लागतील. ज्याला फक्त माशाचे नाव हवे आहे आणि शिकायची हौस आहे त्याने आयनॅचरलिस्ट डोळे मिटून घ्यावे. पाचपैकी साडेचार, आणि अर्धा गुण कापला तो धूसर ठिकाणाची सोय नीट समजावून न सांगितल्याबद्दल. प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला फिशबेसखेरीज गत्यंतर नाही, मात्र ‘मूळचा’ हा शब्द दिसला की कोणत्या खोऱ्यातला हे त्याने दुसरीकडे तपासावे, चार. जीबिफला मी गुण देत नाही, कारण ते दुकान नाही, गोदाम आहे, आणि गोदामाचा दर्जा आपण त्यात काय ठेवतो यावर ठरतो. गृहसंकुलातल्या तळ्याची किंवा शाळेच्या हौदाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्यासाठी मात्र या तिन्हींपेक्षा सोपी, मराठीतली, ‘हा मासा येथे सोडू नये’ एवढेच छायाचित्रासह सांगणारी एक पाटी अधिक उपयोगी पडेल. आमच्या संकुलात ती मी लावून घेतली आहे. त्यावर सकरचे पोटाकडून घेतलेले छायाचित्र आहे.

परवा त्याच मावशींकडे पुन्हा गेले होते. टोपलीत मांगूर नव्हता, तळाशी बोटभर लांबीचे, अंगावर आडवे पट्टे असलेले चार-पाच छोटे मासे होते. “हे कुठले?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मुऱ्या. शहापूरकडनं आल्यात. न्या ताई, कुणी घेत न्हाय.” मी ते वीस रुपयांना घेतले, चारही बाजूंनी छायाचित्रे काढली आणि नोंदीत ठिकाण ‘शहापूर परिसर, विक्रेतीने सांगितल्याप्रमाणे’ असे लिहून अचूकतेचे वर्तुळ १५ किलोमीटरचे ठेवले. मराठी नावाच्या जागी ‘मुरी’ लिहिले आणि पुढे ठाणे जिल्हा. संगणकाने वंशापुढे काही सांगितलेले नाही. ओळख पटवायला अजून कोणी आलेले नाही.